ग्वाकामोले : रूढ समज आणि वस्तुस्थिती

मेक्सिकोच्या भूमीवर १५१९ साली स्पॅनिश सैन्याचे पाऊल पडले, त्याच्या कितीतरी आधीपासून तेथील लोक अ‍ॅव्होकॅडोचा मऊ गर दगडी खलात चेचून खात आले होते; आणि ग्वाकामोले नावाचा तोच पदार्थ आज मुंबई-पुण्यातील घरांतही हौसेने केला जाऊ लागला आहे. चूल न पेटविता, पाच-सहा जिनसांतून सिद्ध होणारा हा पदार्थ वस्तुतः कोणालाही साधावा; तथापि करणाऱ्याची पुष्कळदा निराशा होते, आणि तिचे कारण शोधू गेल्यास ते हाताच्या कौशल्यात क्वचितच सापडते. या फळाच्या स्वभावाविषयी ज्या अनेक समजुती पडताळणी न करताच प्रमाण मानल्या गेल्या आहेत, त्यांच्यापाशीच बहुधा ते येऊन थांबते. त्यांतील प्रमुख समजुतींची येथे रुजवात घालून पाहावयाची आहे.

सर्वांत दृढमूल समजूत बीविषयीची. तयार ग्वाकामोलेच्या वाडग्यात अ‍ॅव्होकॅडोची बी रोवून ठेवली म्हणजे ते काळे पडत नाही, असे जाणती माणसे सांगतात, आणि छापील पाककृतींतूनही हा उपाय सनदेसारखा पिढ्यान्‌पिढ्या पुढे चालत आला आहे. त्याचा खरेखोटेपणा ठरविण्यास प्रयोगशाळेची जरुरी नाही. दोन सारखे वाडगे भरावे, एकात बी रोवावी, दुसऱ्यात तेवढ्याच आकाराचा, स्वच्छ धुतलेला गुळगुळीत गोटा ठेवावा, आणि काही तासांनी दोन्ही उचलून पाहावे : बीच्या खाली हिरवा, वाटोळा खळगा दिसेल, गोट्याच्या खालीही तसाच हिरवा खळगा दिसेल, आणि उरलेला पृष्ठभाग दोन्ही वाडग्यांत सारखाच तपकिरी झालेला असेल. बीच्या अंगी कोणताही गुप्त गुण नाही; ती जेवढी जागा झाकते तेवढ्याच जागेची हवा अडविते, आणि तेवढे काम गोटाही करतो.

हवा अडविण्याला एवढे महत्त्व का, हे एकदा ध्यानात आले म्हणजे पुढील अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. अ‍ॅव्होकॅडोच्या पेशींत फिनॉल वर्गातील द्रव्ये असतात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचे विकरही असते. परंतु पेशी अभंग आहे तोवर ही दोन्ही निरनिराळ्या कप्प्यांत बंदिस्त राहतात. सुरी फिरली, गर चेचला गेला, की मधल्या भिंती फुटतात, द्रव्य आणि विकर एकत्र येतात, आणि हवेतील ऑक्सिजनचे साहाय्य मिळताच त्या द्रव्यांपासून क्विनोन नावाची संयुगे निर्माण होऊन त्यांच्या साखळ्या जुळत जातात. त्या साखळ्यांचाच रंग आपल्याला तपकिरी दिसतो. कापलेले सफरचंद आणि चिरलेले वांगे काळवंडते तेही याच मार्गाने. म्हणजे द्रव्य, विकर आणि हवा या तिघांची गाठ पडल्याशिवाय रंग बदलत नाही, आणि पहिली दोन फळातच असल्यामुळे आपल्या हाती उरते ते मुख्यतः हवेचा बंदोबस्त करणे.

लिंबाच्या रसाबद्दलची समजूत निम्मी खरी आहे. लिंबाच्या आम्लतेने विकराची गती मंदावते, आणि त्यातील क जीवनसत्त्व तयार होऊ लागलेल्या क्विनोनांना पूर्वस्थितीत परत आणते; परंतु ते जीवनसत्त्व खर्ची पडले की क्रिया पुन्हा सुरू होते, म्हणून लिंबू मुदत वाढवून देते, कायमची हमी देत नाही. ती मुदत आणखी लांबावी म्हणून दोन-तीन लिंबे पिळणाऱ्याच्या हाती अखेर आंबट लगदा येतो, आणि ज्या लोण्यासारख्या, किंचित सुक्या मेव्यासारख्या चवीसाठी हा खटाटोप करावयाचा तीच हरपते. खरा उपाय अगदी साधा आहे. गराचा पृष्ठभाग चमच्याच्या पाठीने सपाट करून त्यावर प्लास्टिकचा पातळ कागद असा बसवावा की तो वाडग्याच्या काठावर ताणलेला न राहता गराला चिकटून राहील आणि मध्ये हवेचा बुडबुडाही उरणार नाही. अथवा सपाट केलेल्या गरावर थंड पाण्याचा पातळ थर हलकेच ओतून वाडगा झाकून शीतकपाटात ठेवावा, आणि वाढतेवेळी ते पाणी ओतून टाकावे. गर दाट आणि स्निग्ध असल्यामुळे पाणी सहसा आत शिरत नाही.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्या अज्ञानामुळे चांगले अन्न फेकले जाते आणि क्वचित वाईट अन्न खाल्ले जाते. वरचा थर तपकिरी होणे म्हणजे पदार्थ नासणे नव्हे. तो थर खरवडून काढला की खालचा हिरवा गर खाण्यास कोणतीही हरकत नाही. उलटपक्षी, रंगाने हिरवे असलेले ग्वाकामोले जर उन्हाळ्यात मेजावर तासाभराहून अधिक वेळ उघडे राहिले असेल, तर त्याच्या रंगावर विसंबू नये. जंतूंची वाढ डोळ्यांना दिसत नाही.

फळाच्या निवडीतही असाच घोटाळा आहे. बाजारात हाती आलेले अ‍ॅव्होकॅडो दगडासारखे टणक लागले की ते कच्चे तोडले म्हणून विक्रेत्याला बोल लावणारे ग्राहक पुष्कळ. वस्तुतः हे फळ झाडावर असेतोवर मऊ होतच नाही, ते उतरविल्यानंतरच पिकू लागते. घरी आणलेले टणक फळ पिकलेल्या केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवल्यास केळ्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूमुळे ते लवकर तयार होते. मायक्रोवेव्ह भट्टीत घालून ते झटपट पिकविण्याची युक्ती मात्र सर्वस्वी फसवी आहे. उष्णतेने गर मऊ पडतो एवढेच, त्यात पक्वतेचा स्वाद येत नाही, उलट कडवटपणा येण्याचाच संभव असतो. टणक फळ कधीही शीतकपाटात ठेवू नये, आणि पिकलेले फळ, ते त्याच दिवशी वापरावयाचे नसेल तर, कधीही बाहेर ठेवू नये.

साल काळी पडली म्हणजे फळ पिकले, हा नियमही सरसकट लावता येत नाही. तो हास नावाच्या वाणाचा नियम आहे. कॅलिफोर्नियातील ला हाब्रा हाइट्स येथे रुडॉल्फ हास नावाच्या टपालवाहकाने आपल्या छोट्या बागेत वाढविलेल्या एका रोपापासून हा वाण निघाला, त्याचे पेटंट १९३५ साली नोंदले गेले, आणि ते मूळ झाड २००२ साली मुळे कुजून मरेपर्यंत त्याची कलमे जगभर पसरली होती. आज जगात कोठेही मिळणारे प्रत्येक हास त्या एका झाडाचाच वंशज आहे. परंतु कोडगू आणि निलगिरीच्या डोंगरांतून आपल्याकडे ‘बटर फ्रूट’ म्हणून येणारी बरीच फळे पूर्ण पिकली तरी हिरवीच राहतात, आणि ती काळी होण्याची वाट पाहणाऱ्याच्या हाती शेवटी सडलेले फळ येते. त्यासाठी रंगावर न जाता फळ तळहातावर घेऊन सर्व बोटांनी मिळून अलगद दाबावे. किंचित दबले की ते तयार आहे. एकट्या अंगठ्याने दाबू नये, कारण तेवढ्या जागी आतला गर चेपून काळा पडतो.

‘अस्सल’ ग्वाकामोलेत काय असावे यावर मोठे वाद होतात, आणि त्या वादांत इतिहासाचा दाखला सहसा कोणी देत नाही. अ‍ॅव्होकॅडो, मिरची आणि टोमॅटो ही अमेरिका खंडाची मूळ संपत्ती. कांदा, कोथिंबीर आणि लिंबू मात्र स्पॅनिश गलबतांतून तेथे उतरले, आणि त्यांतील लिंबू तर मुळात आशियाचे. त्याच काळात उलट दिशेने पोर्तुगीज गलबतांतून मिरची गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि आपल्या स्वयंपाकघराचे रूप पालटले. तेव्हा लिंबावाचून ग्वाकामोले अपूर्ण, असे म्हणण्यास ऐतिहासिक आधार नाही. मेक्सिकोच्या पाककलेचे आयुष्यभर अध्ययन करणाऱ्या डायना केनेडी यांच्या प्रसिद्ध कृतीतही लिंबाचा रस नाही. माझे मत असे की आपल्याकडील फळ बहुधा हासपेक्षा पाणचट आणि सौम्य असते, म्हणून अर्ध्या लिंबाची मुभा असावी. पण दही, साय आणि अंड्याचे मेयोनीज यांना त्यात मुळीच थारा देऊ नये, कारण ज्या फळाच्या गरात सुमारे १५ टक्के स्निग्धांश आधीच आहे त्याला बाहेरून स्निग्धता देणे म्हणजे त्याची चव पातळ करणे होय.

मिक्सरची सवय झालेल्यांना चेचण्याचा खटाटोप निरर्थक वाटतो. मेक्सिकोत हे काम मोल्काहेते नावाच्या, काळ्या खडबडीत बसाल्टच्या तीन पायांच्या खलात होते, आणि त्यातील क्रम महत्त्वाचा आहे : प्रथम कांदा, हिरवी मिरची, कोथिंबिरीची थोडी पाने आणि जाडे मीठ एकत्र रगडावयाचे, मिठाच्या कणांनी त्यांचा रस सुटून ओलसर हिरवा गोळा झाला की मगच गर घालून तो ढोबळ मोडावयाचा, आणि टोमॅटोच्या बारीक फोडी व उरलेला कांदा शेवटी वरून मिसळावयाचा. ज्याने बत्त्याखाली ठेचा केला आहे त्याला हा हात शिकवावा लागत नाही. मिक्सरच्या पात्याने मात्र गराचे गुळगुळीत मलम होते, हवा आत कोंडली जाते, आणि अधिक पेशी फुटल्यामुळे ते काळेही लवकर पडते. याच ओघात मिरचीविषयीही सांगावयाचे : तिखटपणा बियांत असतो हा समज चुकीचा आहे, कॅप्सायसिन तयार होते ते बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेत. तिखट कमी हवे असल्यास ती शीर काढावी.

‘एवढे तेलकट फळ, म्हणजे कोलेस्टेरॉल’ अशी धास्ती घेण्याचे कारण नाही. त्यातील स्निग्धांशापैकी सुमारे दोन-तृतीयांश भाग ऑलिव्हच्या तेलात असतो त्याच एकासंपृक्त जातीचा आहे. मात्र १०० ग्रॅम गरात सुमारे १६० कॅलरी असतात, आणि पोटॅशियम केळ्याहूनही जास्त असते; ज्यांना मूत्रपिंडाच्या विकारामुळे वैद्यांनी पोटॅशियमचे पथ्य सांगितले आहे त्यांनी ते विचारूनच खावे.

साल खावयाची नाही म्हणून फळ धुवावयाचे नाही, ही चूक घरोघरी होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या तपासणीत १७ टक्क्यांहून अधिक फळांच्या सालीवर लिस्टेरिया हा रोगकारक जंतू आढळला होता. न धुतलेल्या सालीतून सुरी फिरली की तो गरात उतरतो. फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे, पाटावर ठेवून उभे कापावे, दोन्ही भाग उलट दिशांना फिरवून वेगळे करावे, आणि बी चमच्याने उचलावी. फळ तळहातावर धरून बीमध्ये सुरीचे टोक खुपसण्याच्या प्रघातापायी कित्येकांच्या तळव्याला खोल जखमा झाल्या आहेत.

उरलेल्या सालींचे काय करावे, हे कोणतीही पाककृती सांगत नाही, म्हणून ते येथे आग्रहाने सांगतो. अ‍ॅव्होकॅडोची पाने, साल आणि बी यांत पर्सिन नावाचे द्रव्य असते. माणसाला त्याचा सहसा उपद्रव होत नाही, पण पक्ष्यांना, शेळ्यांना, घोड्यांना आणि गुरांना ते विषासमान ठरते, आणि पिंजऱ्यातील पोपट तर थोड्याशा गरानेही दगावू शकतो. पोपटाला फळाची फोड देण्याची आणि दारच्या शेळीपुढे साली टाकण्याची आपल्याकडे जुनी आणि मायेची चाल आहे. या एका फळाच्या बाबतीत ती कृपा करून पाळू नये.