राणीछाप रुपयाचा रंग

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत सासूबाईंनी लक्ष्मीपूजनासाठी राणीछाप रुपये काढून दिले. कडेला सोनेरी, मध्ये निळसर-जांभळी झाक. मला वाटलं, चांदी काळवंडलीय. बसले दंतमंजनाने घासत! लख्ख केले. आमच्या जयसिंगपुरात तेव्हा केवढं कौतुक झालं माझं!

परवा नाणी जमवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना ते दाखवले. भिंगातून पाहून हळूच म्हणाले, "वहिनी, घासलेत का हो?"

मैत्रिणींनो, तो रंग म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकामुळे चांदीवर वर्षानुवर्षं पातळ थर चढतो, थराच्या जाडीप्रमाणे रंग बदलतो. घासलं की थर जातो, उरतात बारीक ओरखडे. अमेरिकेतल्या पीसीजीएस, एनजीसी या संस्था नाणी तपासून १ ते ७० असा दर्जा देतात आणि डबीत सीलबंद करतात. घासलेल्याला सहसा आकडा नाहीच, नुसता 'साफ केलेले' असा शेरा. (प्रगतिपुस्तकच म्हणा ना!) मग हुपरीला मोडीत द्यायचं, तर ११.६६ ग्रॅमच्या चांदीचेच पैसे.

सासूबाईंच्या बटव्यात १८६२ चा एक रुपया तसाच राहिलाय. यंदा पूजेत त्याला हळदकुंकू लांबूनच वाहिलं. "देवाला घाबरतेस की रुपयाला?" सासूबाई हसून म्हणाल्या.