लोगोमधली चूक शोधताना : नाव, किंमत की काम?



संगणकाच्या तासाला मुलं लोगोमध्ये कासव चालवून चौकोन काढतात. (आज्ञा इंग्रजीत टाइप करायच्या, इथे उच्चार दिले आहेत.)

टू चौकोन :बाजू
रिपीट 4 [फॉरवर्ड :बाजू राइट 90]
एंड

आता 'चौकोन 50' म्हटलं की चौकोन तयार. पण दुसऱ्या ओळीतलं विसर्गासारखं चिन्ह (:) राहिलं, की उत्तर येतं, 'आय डोन्ट नो हाऊ टू बाजू'. मूल गोंधळतं: "बाजू तर वर लिहिलीय की!"

लोगो 1967 साली लिस्प या भाषेवरून तयार झाली. तिच्यात एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिता येतो. आपल्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्याचं उदाहरण घ्या. चरवीवरचं नाव वेगळं, चरवीतलं दूध वेगळं आणि धार काढणं वेगळं.

1. "बाजू : नुसतं नाव (चरवीवरची चिठ्ठी)
2. :बाजू : त्या नावाची किंमत (आतलं दूध). हे व्हेरिएबल.
3. बाजू : काम कर (धार काढ). हे फंक्शन, लोगोत त्याला प्रोसिजर म्हणतात.

म्हणजे चिन्ह राहिलं, तर लोगो 'बाजू' नावाचं काम शोधते. तसं काम शिकवलेलंच नाही, म्हणून ती "मला येत नाही" म्हणते. उलट :चौकोन लिहिलं तर 'हॅज नो व्हॅल्यू' येतं, कारण चौकोन हे काम आहे, त्यात किंमत ठेवलेली नाही. संदेश नीट वाचला, की लोगोने त्या शब्दाला काय समजलं ते कळतं.

खरी फसवी चूक वेगळीच. बाजूची किंमत 50 असताना ती बदलायला

मेक "बाजू 100

असं लिहायचं असतं. मुलाने 'मेक :बाजू 100' लिहिलं, तर लोगो '50' नावाची नवी चरवी करून तिच्यात 100 ठेवते. बाजू 50 च राहते आणि चुकीचा संदेशही येत नाही! अशा वेळी लगेच खाली 'प्रिंट :बाजू' लिहून किंमत बघायला सांगा.

एक विनंती. चिन्ह आपण टाकून देऊ नका. चौकोन निघेल, पण पुढच्या प्रोग्रॅमला मूल पुन्हा तिथंच अडेल. फक्त विचारा : "इथं तू नाव सांगतोयस, किंमत मागतोयस, की काम सांगतोयस?" उत्तर सापडलं, की चिन्ह ते स्वतःच टाकेल.