जुन्या व्हिडिओवर नव्याची पाटी

यूट्यूबवर एकदा टाकलेला व्हिडिओ काढून त्याच जागी दुसरा ठेवता येत नाही. प्रत्येक व्हिडिओला अकरा चिन्हांची स्वतंत्र ओळख मिळते आणि तीच त्याच्या लिंकमध्ये असते. सुधारलेला व्हिडिओ टाकला की लिंक नवी आणि प्रेक्षकसंख्या शून्यापासून. जुना मात्र व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये फिरत राहतो, शोधल्यावरही पुष्कळदा तोच आधी सापडतो. हे बंधन जाचक वाटलं तरी योग्य आहे. लाखो लोकांनी पाहिलेल्या व्हिडिओच्या जागी रातोरात भलतंच काही ठेवता आलं असतं, तर कोणत्याही लिंकवर भरवसा उरला नसता. व्हिमिओ या दुसऱ्या व्हिडिओ-साइटवर लिंक तीच ठेवून आतली फाइल बदलता येते. तिथे अडचण उलटी, आपण पाहिलेला व्हिडिओ बदलला आहे हे प्रेक्षकाला कळत नाही.

जुना व्हिडिओ किती अडवतो, हे ई-पीक पाहणीच्या उदाहरणावरून समजतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रातले शेतकरी पिकाची नोंद फोटोसह मोबाइल ॲपवरून करू लागले. २०२२च्या खरिपात ॲपची दुसरी आवृत्ती आली आणि स्वतः केलेली नोंद ४८ तासांच्या आत दुरुस्त करण्याची सोय मिळाली. पुढे ‘डीसीएस’ नावाची आवृत्ती आली. बांधावर उभं राहून कुणी २०२१चा व्हिडिओ लावला, तर त्यातली स्क्रीन आणि हातातली स्क्रीन जुळत नाही. चुकून कापसाऐवजी सोयाबीन नोंदवलं गेलं, तर दुरुस्तीची मुदत त्या व्हिडिओतून कळणार नाही. नवा व्हिडिओ कुठेतरी असतो, पण तो आहे हे त्या शेतकऱ्याला सांगणारं कुणी नसतं.

पूर्वी यासाठी यूट्यूबवर चालत्या चित्रावर चिकटवायच्या चौकटी होत्या. २००८ साली आलेल्या या चौकटींवर ‘नवीन व्हिडिओ इथे पाहा’ असं लिहून थेट लिंक देता येई. पण त्या मोबाइलवर दिसत नसत. मे २०१७मध्ये नव्या चौकटी जोडणं बंद झालं आणि जानेवारी २०१९मध्ये होत्या त्याही काढून टाकण्यात आल्या. त्या काळच्या काही व्हिडिओंत निवेदक आजही बोट दाखवून ‘इथे क्लिक करा’ म्हणतो आणि तो कोपरा रिकामा असतो.

आता त्यांच्या जागी कार्ड आणि शेवटची स्क्रीन आहे. शेवटची स्क्रीन व्हिडिओच्या अखेरच्या ५ ते २० सेकंदांत दिसते. गाण्यासाठी ती ठीक. कृती शिकवणाऱ्या व्हिडिओला ती जवळजवळ निरुपयोगी, कारण काम झालं की माणूस व्हिडिओ मध्येच सोडतो, आणि जुनी पद्धत तोवर वापरून झालेली असते. कार्ड उजव्या कोपऱ्यात वर, हव्या त्या क्षणी झळकवता येतं, म्हणून ते पहिल्या काही सेकंदांतच लावावं. एखादाच तपशील चुकला असेल तर वर्णनात इंग्रजीतून ‘करेक्शन’ हा शब्द, त्याखाली वेळ आणि दुरुस्ती लिहायची. त्या क्षणी पडद्यावर तशी सूचना येते. चुकीचा भाग कापूनही टाकता येतो, लिंक बदलत नाही.

सगळ्यांत प्रभावी उपाय मात्र साधा आहे, तो म्हणजे शीर्षक आणि थंबनेल बदलणं. ‘जुनी पद्धत, नवीन व्हिडिओची लिंक वर्णनात’ हे शब्द शीर्षकाच्या सुरुवातीलाच असले, तर व्हिडिओ उघडण्याआधीच कळतं. वर्णनात लिंक पहिल्या ओळीत हवी, कारण खालचा बराचसा मजकूर घडी उघडल्याशिवाय दिसत नाही.

जुना व्हिडिओ सरळ काढून टाकण्याची घाई करू नये. तो काढला की ग्रुपवरच्या लिंका मरतात आणि तिथून येणाऱ्याला नव्याची वाट कुणी दाखवत नाही. औषधाची मात्रा चुकण्यासारखी घातक चूक असेल तेव्हाच तो पूर्ण बंद करावा. ‘अनलिस्टेड’ करून भागत नाही, लिंक असलेल्याला तो दिसतच राहतो.

डाउनलोड करून पुढे पाठवलेल्या प्रतींपर्यंत यातली कोणतीच सूचना पोहोचत नाही. तिथे चित्र आणि आवाज एवढंच सोबत जातं. म्हणून ॲप किंवा सरकारी प्रक्रिया शिकवणाऱ्या व्हिडिओत पहिल्याच वाक्यात महिना, वर्ष आणि ॲपची आवृत्ती तोंडाने सांगावी, पडद्यावरही लिहावी.