प्रत आणि पुनरुक्ती

१८५८ च्या एप्रिल महिन्याच्या आरंभी सर ह्यू रोज याचे सैन्य झाशी शहरात शिरले. त्यानंतर झालेल्या कत्तलीचे आणि लुटीचे जे वर्णन वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’ या ग्रंथात केले आहे, त्यात तेथील राजसंग्रही असलेल्या ग्रंथांच्या नाशाचीही हकीकत आहे. लुटलेले सोने जगात कोठेतरी राहते. फाडलेली पोथी मात्र कोठेच राहत नाही. त्या संग्रहातील ज्या ग्रंथाची नक्कल पूर्वी कोणी दुसऱ्या गावी नेली असेल तो ग्रंथ उरला, ज्याची नेली नसेल तो संपला. अशी परगावची नक्कल त्या दिवसापर्यंत केवळ पुनरुक्ती होती. त्या दिवसानंतर तीच मूळ प्रत झाली.

आजचे ग्रंथसंग्रह, दप्तरे आणि प्रयोगशाळांच्या नोंदी संगणकाच्या चकत्यांवर असतात, आणि त्यांच्या रक्षणासाठी रोज रात्री दुसरी प्रत काढून ठेवण्याची रीत आहे. तिला बॅकअप म्हणतात. या रीतीत एक अडचण अशी की, कालची प्रत आणि आजची प्रत यांत फरक फार थोडा असतो. एखाद्या संस्थेजवळ १ टेराबाइट मजकूर आहे आणि ती तीस रात्रींच्या प्रती जपते, असे धरले तर तिला ३० टेराबाइट जागा लागेल. पण रोज त्यातील शेकडा १ इतकाच भाग बदलत असेल, तर खरोखर नवा असा मजकूर सव्वा टेराबाइटच्या किंचित वर भरतो. बाकीची सर्व जागा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिण्यात खर्ची पडते. ही पुनरुक्ती ओळखून प्रत्येक अंश एकदाच ठेवणे आणि इतरत्र त्याचा केवळ निर्देश करणे, या क्रियेस डीडुप्लिकेशन असे नाव आहे. आपण तिला पुनरुक्तिनिरास म्हणू.

पुनरुक्ती ओळखावयाची तर मजकुराचे तुकडे पाडावे लागतात, आणि ते कसे पाडावे हाच निवडीतील पहिला प्रश्न होय. सोपा मार्ग म्हणजे सर्व तुकडे सारख्या मापाचे पाडणे. त्यातील दोष पोथीच्या उदाहरणाने चटकन ध्यानात येतो. लेखनिक प्रत्येक पानावर ठरावीक ओळी लिहितो. नवी प्रत करताना त्याने पहिल्याच पानावर एक ओळ वाढविली, तर प्रत्येक पानाची शेवटची ओळ पुढील पानावर सरकते. मग दोनशे पानांच्या पोथीत एकही पान जुन्या पानाशी जुळत नाही, वस्तुतः फरक मात्र एका ओळीचा! पाने मोजण्याऐवजी मजकुरातील दुहेरी दंड पाहून तेथे तुकडा पाडला असता, तर ओळ वाढलेला एक तुकडा तेवढा नवा ठरला असता.

संगणकातील मजकुरात असे दंड नसतात, म्हणून ते गणिताने निर्माण करतात. सुमारे ४८ बाइटांची एक खिडकी मजकुरावरून पुढे सरकत जाते. खिडकीत दिसणाऱ्या अक्षरांवरून प्रत्येक ठिकाणी एक संख्या काढली जाते. तिचे शेवटचे १३ द्विमान अंक पूर्वी ठरविलेल्या संख्येशी जुळले की तेथे छेद. असा योग सरासरीने ८ किलोबाइटांमागे एकदा येतो. मायकेल रॅबिन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ठशांची कल्पना यामागे असून, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संचिकापद्धतीत, मंद गतीच्या तारांवरून मजकूर पाठविण्यासाठी ती या रीतीने वापरली गेली. ज्या साठ्यात मजकूर मधेच वाढतो वा घटतो तेथे ही रीत घ्यावी. ज्यातील नोंदी आपापल्या जागीच बदलतात तेथे सारख्या मापाचे तुकडे पुरतात व श्रमही वाचतात.

तुकडे पाडल्यावर प्रत्येकाचा ठसा घेतात. त्यास हॅश म्हणतात. दोन तुकड्यांचा ठसा एक, म्हणजे तुकडे एकच, असे धरले जाते. हे गृहीतच आहे, हे विसरता कामा नये. निव्वळ योगायोगाने दोन भिन्न तुकड्यांचा ठसा जुळण्याचा संभव इतका अल्प आहे की, चकतीच बिघडण्याची भीती त्याहून कितीतरी मोठी. परंतु बुद्धिपुरःसर केलेल्या जुळणीची गोष्ट वेगळी. ॲमस्टरडॅमच्या गणितसंस्थेतील व गूगलमधील संशोधकांनी २०१७ च्या फेब्रुवारीत, शा-१ या पद्धतीने एकच ठसा देणाऱ्या दोन भिन्न संचिका तयार करून दाखविल्या. लगेच त्या संचिका वेबकिट या प्रकल्पाच्या कोठारात चाचणीसाठी भरण्यात आल्या, आणि तेथील व्यवस्था त्याच ठशावर पुनरुक्ती ओळखत असल्यामुळे कोठाराचे काम अडून बसले. नवी व्यवस्था घेताना शा-२५६ सारखा बळकट ठसा मागावा, हे यावरून उघड आहे.

ठशांची यादीही लहान नसते. ८ टेराबाइट भिन्न मजकुराचे ८ किलोबाइटी तुकडे पाडले तर ते १०७ कोटी होतात, आणि प्रत्येकी ३२ बाइट धरल्यास नुसते ठसेच सुमारे ३४ गिगाबाइट भरतात. ही यादी स्मृतीत मावली नाही तर प्रत्येक तुकड्यासाठी चकती चाळावी लागते आणि रात्रीचे काम सकाळपर्यंत उरकत नाही. मोठे तुकडे पाडले तर यादी आटोपशीर होते, पण पुनरुक्तीही कमी सापडते. लिहितानाच निरास करावा की आधी सर्व उतरवून मग सवडीने करावा, हा प्रश्नही येथूनच निघतो. पहिल्या रीतीत जागा वाचते, दुसरीत वेळ. दुसरीला आरंभी संपूर्ण प्रतीएवढी मोकळी जागा लागते, याकडे मात्र खरेदीच्या वेळी पुष्कळांचे दुर्लक्ष होते.

पोथ्यांची छायाचित्रे जपणाऱ्या संस्थेने येथे सावध असावे. एकाच पानाचे छायाचित्र दोनदा घेतले तर आपल्या डोळ्यांस ती सारखी दिसतात. संगणकास त्यांत एकही तुकडा बहुधा समान आढळत नाही. आधीच आकुंचित केलेल्या वा निरनिराळ्या गुप्त किल्ल्यांनी कुलूपबंद केलेल्या मजकुराचीही तीच गत. अशा साठ्याच्या रोजच्या प्रतींत निरासाचा लाभ मोठा होतो, पण एकाच वेळच्या संग्रहात तो नगण्य असतो. तीसपट बचतीची जाहिरात वाचून चकत्या कमी घेण्यापूर्वी आपल्याच मजकुराचा नमुना चालवून पाहणे शहाणपणाचे.

आता ज्या गोष्टीसाठी झाशीची आठवण करावी लागली ती. निरास केलेल्या कोठारात तीस रात्रींच्या तीस प्रती नसतात. एकच प्रत आणि तिच्याकडे निर्देश करणाऱ्या तीस याद्या असतात. एक तुकडा बिघडला की त्यावर अवलंबून असलेल्या सर्व रात्री एकदम बिघडतात. म्हणून एका इमारतीतील पुनरुक्ती खुशाल काढावी, पण सबंध कोठाराची दुसरी प्रत दुसऱ्या गावी असलीच पाहिजे, आणि ती पुनरुक्ती म्हणून कधीही मोजू नये. येथे निरासाचाच उपयोग होतो, कारण झाशीहून दूरच्या शहरी आधी केवळ ठसे पाठविता येतात आणि जे तुकडे तेथे नाहीत तेवढेच मागाहून धाडता येतात. तुकडे विखुरलेले असल्याने प्रत परत जुळविण्यास वेळ लागतो, हे ध्यानी घेऊन वर्षातून काही वेळा ती खरोखर जुळवून पाहावी.

काय पुनरुक्ती आणि काय नव्हे, हे ठरविणे माणसासही सोपे नसते. ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली छापला, तो मजकुरात फेरफार करून. छापील पुस्तक हाती असता मूळ हस्तलिखिताची गरज काय, असे कोणासही वाटू शकले असते. पण ते हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपले गेले, आणि त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये गोडसे भटजींचा मूळ मजकूर वाचकांपुढे ठेवला.