वेगळेपण कोठे असावे? : तलासरी-डहाणू परिसरातील ख्रिस्ती वारली जीवन आणि भोवतालची संस्कृती

प्रस्तावना

ख्रिस्ती माणसाने जगात राहावे, परंतु जगाच्या साच्यात स्वतःला ओतून घेऊ नये, अशी नव्या कराराची शिकवण आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात तिचे मूळ सापडते. शिकवण थोडक्यात सांगता येते. तिचे आचरण मात्र प्रत्येक देशात व काळात नव्याने ठरवावे लागते. पालघर जिल्ह्यातील तलासरी व डहाणू या तालुक्यांत हा प्रश्न विशेष तीव्र होतो. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यातील दर दहा व्यक्तींपैकी सुमारे नऊ अनुसूचित जमातीच्या आहेत व त्यांत वारली समाज प्रमुख आहे. अशा ठिकाणी ख्रिस्ती झालेल्या वारली कुटुंबाने ‘वेगळे’ व्हायचे ते कोणापासून आणि कशात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘सेक्युलर’ या संज्ञेचे तीन अर्थ

‘सेक्युलर’ या शब्दासाठी मराठीत धर्मनिरपेक्ष, इहवादी आणि निधर्मी असे तीन शब्द योजले जातात. त्यांच्या अर्थच्छटा एक नाहीत. धर्मनिरपेक्षता हा राज्यसंस्थेचा गुण आहे. इहवाद ही जीवनदृष्टी आहे. निधर्मीपणा ही व्यक्तीची भूमिका आहे. तलासरीत या तिन्हींचा प्रत्यय येतो. शासकीय कार्यालय व जिल्हा परिषदेची शाळा ही धर्मनिरपेक्ष राज्याची रूपे होत. लाल बावट्याच्या चळवळीने श्रमिकांच्या मुक्तीचा इहवादी विचार पाड्यापाड्यांत नेला. मुंबई-अहमदाबाद महामार्ग, वापी-उंबरगावचे कारखाने आणि हातातील मोबाइल यांनी आणलेली बाजारसंस्कृती धर्माला विरोध करीत नाही. ती त्याची दखलच घेत नाही.

या तिन्हींच्या पलीकडे वारली जमातीची स्वतःची परंपरा आहे आणि ती मुळीच निधर्मी नव्हे. कणसरी, हिरवा, हिमाई, वाघदेव ही दैवते शेती, रान आणि लग्न यांत गुंफलेली आहेत. म्हणून येथील ख्रिस्ती माणसासमोर ‘जग’ एकसंध रूपात उभे नाही. कशाशी जुळते घ्यावे व कशापासून दूर राहावे, याचे उत्तर प्रत्येक बाबतीत निराळे येते.

मिशनचा वारसा

या परिसरात कॅथलिक पंथाच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी शाळा व वसतिगृहे चालविली. डहाणूत अमेरिकेतील ‘चर्च ऑफ द ब्रदरन’ या पंथाने वैद्यकीय कार्य केले. हा पंथ १७०८ मध्ये जर्मनीतील श्वार्झेनाऊ येथे स्थापन झाला. त्याचे पहिले मिशनरी १८९४ मध्ये भारतात आले व त्यांनी बलसाड, म्हणजे आजचे वलसाड, येथून कार्यास आरंभ केला. १९७० मध्ये येथील ब्रदरन मंडळी ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त विलीन झाली.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या पंथाचा इतिहास उद्बोधक आहे. जगाशी समरूप न होणे हे त्याचे मूलतत्त्वच होते. शस्त्र न उचलणे, शपथ न घेणे, साधी राहणी आणि प्रभुभोजनाच्या वेळी एकमेकांचे पाय धुणे या त्याच्या खुणा. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात या तत्त्वाला वेषाचे रूप आले. स्त्रियांची साधी टोपी आणि पुरुषांची दाढी यांवरून सभासद ओळखला जाऊ लागला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ही सक्ती सैल झाली. अहिंसेचा आग्रह आणि पाय धुण्याचा विधी मात्र टिकला. वेगळेपणाचे बाह्य चिन्ह बदलू शकते, परंतु आचाराचे सत्त्व टिकू शकते, हे या उदाहरणावरून दिसते.

लग्नाच्या मांडवातील प्रश्न

वारली लग्नात सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते. लग्न लावणारी धवलेरी ही स्त्री असते. तारप्यावर नाच होतो व ताडी दिली जाते. ख्रिस्ती वारलीच्या चुलत्याच्या घरी लग्न निघाले, तर त्याने यांपैकी कशात सहभागी व्हावे?

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौलापुढे असाच प्रश्न आहे. मूर्तीला वाहिलेले अन्न खावे की नाही, याविषयी तो विचारतो. त्याच्या उत्तराचा आशय असा की अन्नाने माणूस देवाच्या जवळ जात नाही व दूरही जात नाही. परंतु आपल्या मोकळेपणामुळे दुबळ्या बंधूचे मन डळमळत असेल, तर तो मोकळेपणा आवरावा. येथे कसोटी प्रीतीची आहे. या न्यायाने पाहता मांडव घालणे, पाहुण्यांचे पाणी भरणे, नाचात धरलेली साखळी न तोडणे ही भाऊबंदकीची कर्तव्ये ठरतात. देवीपुढे नैवेद्य ठेवणे व कौल लावणे ही उपासनेची कृत्ये होत. तेथे ख्रिस्ती माणूस नम्रपणे बाजूला राहील. ताडीचा निर्णय तिच्या धार्मिक अर्थापेक्षा तिच्यामुळे घरावर येणाऱ्या परिणामांवरून घ्यावा लागेल.

या विवेचनात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांच्यासारख्या कलावंतांमुळे वारली चित्र जगभर पोहोचले, आणि पुढे ते साडीवर, कपावर व हॉटेलच्या भिंतीवरही आले. चौक पवित्र विधीतून बाजारात गेला, तो धर्मांतरामुळे नव्हे. ज्या संस्कृतीपासून ख्रिस्ती वारली दुरावला असे म्हटले जाते, ती स्वतःच इहवादी बाजाराच्या प्रवाहात आहे. तिच्या जतनाची जबाबदारी ख्रिस्ती व अख्रिस्ती वारली या दोघांवरही येते.

लाल बावटा आणि ख्रिस्ती आत्मपरीक्षण

लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी वारली जोडप्याला सावकाराच्या घरी राबावे लागे. अशा वेठबिगाराला लग्नगडी म्हणत. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथील किसान सभेच्या अधिवेशनानंतर या प्रथेविरुद्ध लढा उभा राहिला. मे १९४५ मध्ये झरी येथे वारली मोठ्या संख्येने जमले. शामराव व गोदावरी परुळेकर यांनी या लढ्याचे नेतृत्व केले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथील गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. या लढ्याचा वृत्तांत गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात आहे.

गुलामाला मोकळे करणे हे शुभवर्तमानाच्या गाभ्याचे कार्य होय. येथे ते ईश्वर न मानणाऱ्यांच्या नेतृत्वाखाली घडले. म्हणून तलासरीतील ख्रिस्ती माणसाने आपले वेगळेपण ‘आम्ही चांगले, ते वाईट’ अशा भाषेत मांडणे इतिहासाला धरून होणार नाही. इहवादी शेजाऱ्याच्या न्यायबुद्धीपुढे आदराने उभे राहून क्षमा, प्रार्थना आणि शत्रूवरही प्रीती ही आपली भर घालणे, हे त्याचे खरे काम ठरते. लग्नखर्चाचा बोजा आजही अनेक आदिवासी जोडप्यांना विधीविना वर्षानुवर्षे एकत्र राहावयास लावतो. तेथे ख्रिस्ती मंडळीने ख्रिस्ती लग्न साधे व कर्जमुक्त ठेवले, तर ते प्रवचनाहून अधिक बोलके होईल.

कायद्याची पेचदार बाजू

वेगळेपणाच्या प्रश्नाला येथे कायदेशीर परिणामही आहेत. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे. अनुसूचित जमातींविषयीच्या आदेशात ती नाही. तथापि धर्मांतरितांना जमातींच्या यादीतून वगळावे ही मागणी कार्तिक उरांव यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून मांडली व ती अधूनमधून पुन्हा पुढे येते. केरळ राज्य विरुद्ध चंद्रमोहनन या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की केवळ धर्मांतराने जमातीचे सदस्यत्व जात नाही. परंतु ती व्यक्ती जमातीच्या सामाजिक दुर्बलतेत व रूढी-परंपरांत अद्याप आहे की नाही, हे वस्तुस्थितीवरून ठरवावे लागते.

यातील पेच स्पष्ट आहे. ख्रिस्ती वारली जितका भाषा, नाव, नाच आणि नातेसंबंध यांपासून तुटेल, तितके त्याचे जमातीतील स्थान प्रश्नांकित होईल. जमात गेली की जमिनीचे संरक्षण व मुलांच्या शिष्यवृत्तीचा आधारही धोक्यात येतो. उलट बाजूने, श्रद्धा बदलली म्हणून कुटुंबाला पाणी, लग्न किंवा मयत यांत वाळीत टाकणेही गैर आहे. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्मस्वातंत्र्य दिले आहे, आणि महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ पासून अंमलात आहे.

समारोप

मराठी ख्रिस्ती परंपरेत या पेचाचे उत्तर फार पूर्वी शोधले गेले. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग, भजन आणि कीर्तन सोडले नाही. त्याच रूपांत त्यांनी ख्रिस्ताची भक्ती मांडली. तलासरीत तेच कार्य वारली बोलीने व तारप्याच्या सुराने होऊ शकते.

एकंदरीत, वेगळेपण वेष, नाव व वस्तीत शोधले तर ते माणसाला जमातीपासून तोडते आणि श्रद्धेलाही पोकळ करते. ते उपासनेत, शब्दाच्या खरेपणात, कर्ज व व्यसन यांपासूनच्या मुक्ततेत आणि शेजाऱ्याच्या सेवेत राहिले, तर भोवतालच्या समाजाला त्याचे भय वाटण्याचे कारण उरत नाही. महाविद्यालयीन अध्यापकांच्या वर्गात एकाच बाकावर धवलेरीची नात, लाल बावट्याच्या कार्यकर्त्याचा मुलगा आणि प्रार्थनासभेला जाणारी मुलगी बसू शकतात. तिघेही वारली आहेत. त्यांपैकी कोणालाही वारली असणे किंवा श्रद्धावान असणे यांतून एकाचीच निवड करावी लागू नये, याची काळजी घेणे हे धर्मनिरपेक्ष शिक्षणसंस्थेचे कर्तव्य होय.