गिरडच्या टेकडीवरून उल्कावर्षाव

दरवर्षी १३ डिसेंबरची रात्र आणि १४ ची पहाट मिथुन राशीतल्या उल्कांची. समुद्रपूर तालुक्यात त्या पाहायच्या तर पाठीवर पिशवी टाकून चढण्याजोगी गिरडची टेकडी आहेच. शेख फरीद बाबांच्या दर्ग्यामुळे तिथली वाट सर्वांच्या पायाखालची आहे. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्याचा माल दगड झाला, अशी तिथल्या गोल खड्यांची आख्यायिका. हे खडे मात्र आकाशातले नव्हेत. जुन्या लाव्हाच्या पोकळ्यांत साचलेली ती खनिजे आहेत.

बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे असतात. हा मात्र फेथॉन या लघुग्रहाचा. १९८३ मध्ये आयरास उपग्रहाच्या निरीक्षणांतून तो सापडला. त्याचे ज्वारीच्या दाण्याएवढे किंवा त्याहून बारीक कण सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने येतात आणि शंभरेक किलोमीटर उंचीवर जळतात. म्हणजे टेकडी चढून आपण उल्कांच्या जवळ जात नाही. मिळतो तो अंधार आणि मोकळे आकाश. रात्री आठनंतर पाहायला हरकत नाही, पण खरी गंमत दोनच्या सुमारास, पुनर्वसूचे दोन तारे डोक्यावर आले की. चंद्र नसलेल्या काळ्याकुट्ट आकाशात तासाला शंभरावर उल्का पडू शकतात. गावातल्या दिव्यांखाली त्यांतल्या मोजक्याच दिसतात.

अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात. मधेच कुणी मोबाइल उघडला की ही कमाई वाया जाते. टॉर्चवर लाल कागद बांधावा.

थंडीचा हिशेब थोडा उलटा आहे. निरभ्र, शांत रात्री गार हवा जड होऊन नाल्याकाठी, ओलिताच्या शेतात साचते. टेकडीवर पारा त्या मानाने वर असतो, पण वारा अंग कापतो. शिवाय चढताना आलेल्या घामाने बनियन भिजते आणि तासभर निजून राहिल्यावर तेच अंग गोठवते. वर पोहोचताच कोरडे बनियन घालावे, अंगाखाली जाड सतरंजी घ्यावी, कान झाकावेत. दारूने ऊब येते हा भ्रम आहे; कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावून उलट शरीराची उष्णता बाहेर जाते. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. त्यामुळे हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी टेकडीचा हट्ट धरू नये. घराच्या गच्चीवर गोधडी पांघरूनही ठळक उल्का दिसतात. हरभऱ्याच्या जागलीला मचाणावर बसणाऱ्याला तर त्या न मागता दिसतात!

परिसर जंगलाला लागून आहे. वनखात्याकडे चौकशी केल्याशिवाय रात्री निघू नये, एकट्याने तर नाहीच.

उल्का क्षणात विझते. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाने पाहिलेले सावकाश सरकणारे जळते तुकडे चिनी रॉकेटचे मानले जातात; त्यांतले एक मोठे धातूचे कडे सिंदेवाहीजवळ लाडबोरीत पडले. तसे काही आढळल्यास हात न लावता पोलिसांना कळवावे.