तार निसटली तरी काम थांबू नये

शाळा, ग्रंथालये व कचेऱ्यांतील काही संगणकांना स्वतःची डिस्क नसते. असा संगणक सुरू होताच जाळ्यावरील सर्व्हरकडून आपला पत्ता व कार्यप्रणालीचा गाभा मागवून घेतो आणि पुढील सर्व फायली एनएफएस या व्यवस्थेद्वारे सर्व्हरवरूनच वाचतो. एका सर्व्हरची निगा राखली की सर्व संगणकांची राखली जाते, हा या रचनेचा मोठा लाभ होय.

तिचे उणेपणही येथेच आहे. सामान्य संगणकाची तार निसटली तर केवळ जाळे तुटते. डिस्कविरहित संगणक मात्र जागच्या जागी गोठतो, कारण त्याची डिस्कच तारेच्या पलीकडे असते.

यावर लिनक्स प्रणालीत 'बाँडिंग' हा उपाय आहे. तारेचे व बिनतारी अशी दोन्ही कार्डे एकत्र बांधून प्रणालीला एकच जोडणी दाखविली जाते. 'अॅक्टिव्ह-बॅकअप' प्रकारात तार हा मुख्य मार्ग ठरतो व बिनतारी मार्ग राखीव राहतो. 'एमआयआयमॉन' या घटकास १०० हे मूल्य दिल्यास दर १०० मिलिसेकंदांनी तारेची तपासणी होते. तार पुन्हा जोडली जाताच काम तिच्यावर परतते.

मात्र काही पथ्ये पाळावी लागतात. ही बांधणी सर्व्हरवरील फायली जोडल्या जाण्यापूर्वीच झाली पाहिजे. त्यासाठी बिनतारी कार्डाचे चालक, फर्मवेअर व परवलीचा शब्द आरंभीच्या प्रतिमेत असावे लागतात. ही प्रतिमा सहसा उघडपणे पाठविली जात असल्याने तो शब्द इतरत्र वापरू नये. बिनतारी जोडणी अगोदरच प्रस्थापित असावी. संकटसमयी ती जोडणारा कार्यक्रम सर्व्हरवरून वाचता येणार नाही. दोन्ही मार्ग एकाच उपजाळ्यात असावेत. बिनतारी कार्डे पराया मॅक पत्ता बहुधा स्वीकारीत नाहीत, म्हणून 'फेल-ओव्हर-मॅक' घटक 'अॅक्टिव्ह' ठेवावा.

उपरोक्त तपासणी केवळ संगणकालगतची तार पाहते. पुढील स्विचमागचा दोष ओळखण्यासाठी तिच्याऐवजी एआरपी तपासणी योजावी. सर्व्हरच बंद पडल्यास मात्र कोणताही मार्ग उपयोगी नाही.

शेवटी, प्रात्यक्षिकावाचून व्यवस्थेवर विसंबू नये. वर्ग भरण्यापूर्वी शिक्षकांनी एखादी फाईल उघडी ठेवून तार काढून पाहावी. काम क्षणभर थबकून पुढे चालले, तरच विद्यार्थ्यांचे श्रम सुरक्षित आहेत असे समजावे.